रिकामी झालेली जागा कोणाची?

खेड्यांतील घर एकदम रिकामें होत नाहीं. तें कोपऱ्याकोपऱ्यानें रिकामें होत जातें. प्रथम दावणीचे बैल विकले जातात व गोठा मोकळा पडतो. मग दुकानांतून महिन्याच्या महिन्यास धान्य येऊं लागतें व माजघरांतील कणगी निघते. मुलगा नोकरीकरितां पुण्यास किंवा मुंबईस जातो, मुलगी सासरीं जाते, आणि त्यांच्या अंथरुणांची जागा उघडी पडते. पुढें एखाद्या वर्षीं घरांतील वडील माणूस जग सोडून जातें, आणि ज्या बाजेवर तें निजत असे ती बाज कोणीतरी उभी करून भिंतीस टेकवून ठेवितो. अशा प्रत्येक वेळीं घरांत एकच प्रश्न निघतो: ‘आतां येथें काय ठेवावयाचें?’ हा प्रश्न दिसण्यांत अगदीं लहान आहे. तो बहुधा जेवतां जेवतां विचारला जातो आणि उठतां उठतां त्याचा निकालही लागतो. परंतु एखाद्या घराची नीति ज्या थोड्या गोष्टींवरून ओळखतां येते, त्यांपैकीं ही एक आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून आज वाचकांबरोबर तिचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

पूर्वीच्या घरांत जागा रिकामी राहत नसे, याचें कारण माणसें फार होतीं एवढेंच नव्हे. वर्षाचें धान्य, जनावरें, सरपण, अवजारें आणि माणसें हीं सर्व एकाच छपराखालीं राहत. तुरीच्या किंवा निरगुडीच्या फोकांची विणलेली व शेणमातीनें लिंपलेली कणगी माजघराचा कोपरा अडवून बसे. मोठ्या वाड्यांत भिंतीच्या पोटांतच धान्याचें बळद असे. कांहीं ठिकाणीं जमिनींत पेव खणीत; सांगलीजवळ हरिपूर येथें अशा पेवांत हळद सांठवीत, हें पुष्कळांस ठाऊक आहे. चुलीशेजारीं लाकूडफाटा व गोवऱ्या, पडवींत नांगर व वखर, आणि दारापाशीं दावण, असा तो संसार होता.

आतां हें सर्व पालटलें आहे. देशांतील पशुगणना पाहिल्या तर २०१२ पासून २०१९ पर्यंतच्या सात वर्षांत बैल व इतर नर गोवंश यांची संख्या सुमारें ३० टक्क्यांनीं घटली; नांगरटीचें काम ट्रॅक्टरकडे गेलें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणें प्राधान्य गटांतील कुटुंबास दर माणशीं महिन्यास ५ किलो धान्य रेशनच्या दुकानांत मिळतें. त्यामुळें वर्षभराचें धान्य भरून ठेवण्याची निकड पुष्कळ घरांत उरली नाहीं. २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाल्यावर अनेक गरिबांच्या घरीं गॅसची शेगडी आली, आणि सरपणाच्या ढिगानें व्यापलेला कोपरा निदान कांहीं घरीं मोकळा झाला. यांत शोक करण्यासारखें थोडेंच आहे. ज्या बाईनें जन्मभर धुरानें डोळे चोळले, ती त्या ढिगासाठीं अश्रू ढाळणार नाहीं. आमचा मुद्दा इतकाच कीं ही मोकळी जागा खेड्यांतील पुष्कळ घरांस प्रथमच मिळत आहे, आणि तिचें काय करावें याची रीत आपणांस वडिलांकडून मिळालेली नाहीं. ती रीत आपणांसच पाडावी लागेल.

जागेचें मोल काय, हें ज्यांस जागा नाहीं त्यांच्याकडून शिकावें. मुंबईंत १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें बी. डी. डी. चाळी बांधल्या. त्यांतील एक खोली १६० चौरस फुटांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या पडवीएवढी. त्यांपैकीं पुष्कळ चाळी पाडून आतां त्या जागीं उंच इमारती उभारण्याचें काम चालू आहे. परंतु तीन पिढ्या तरी गिरणीकामगारांनीं तेवढ्या खोलींत संसार केले, आणि गांवाहून नोकरी शोधीत आलेल्या चुलतभावास किंवा भाच्यास तेथेंच जागा दिली. खोलींत मावेना तेव्हां पुरुष माणसें बाहेरच्या गॅलरींत निजलीं. आज खेड्यांत ज्यांचीं घरें चांगलीं उभीं आहेत, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरचा पहिला पैसा अशा एखाद्या दाटीच्या खोलींतून आलेला आहे. त्या खोलींत ‘जागा नाहीं’ असें म्हणण्याचा पुरा हक्क होता, आणि तरी तें कोणी म्हटलें नाहीं. उलट, ज्या घरांत चार खोल्यांस कुलुपें आहेत तेथें हे शब्द वारंवार ऐकूं येतात. यावरून दिसतें कीं जागा आहे किंवा नाहीं हें केवळ फुटपट्टीनें ठरत नाहीं.

आतां प्रस्तुत प्रश्नाकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, रिकामी झालेली जागा आपण विचारपूर्वक भरली नाहीं तर ती रिकामी राहत नाहीं. ती आपोआप भरते. शुभवर्तमानांत झाडून लोटून रिकाम्या ठेवलेल्या घराचा जो दाखला आहे तो आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो मनाविषयीं आहे हें खरें, पण घराच्या बाबतींतही अक्षरशः तसेंच घडतें. गोठ्यांत प्रथम एक मोडकी खुर्ची जाते. मग फुटके कौल, गंजलेले पत्रे, फाटकीं पोतीं, जुन्या शेगडीचा सांगाडा, आणि ‘पुढें कधीं उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेल्या कीटकनाशकाच्या अर्धवट बाटल्या. असें करावें असें कोणी ठरविलेलें नसतें. दोन पावसाळे गेले म्हणजे दार उघडवत नाहीं, आणि घरांतील एक खोली घराची राहत नाहीं.

हें निरुपद्रवी आहे असें कोणी समजूं नये. अडगळींत उंदीर होतात, आणि उंदरांमागें साप येतात. २००० पासून २०१९ पर्यंत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें मेलीं असा अभ्यासकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक मृत्यु खेड्यांतील होते. मण्यार रात्रीं हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसास अंथरुणांत चावते. तिचा चावा इतका बारीक असतो कीं पुष्कळदां झोपमोडही होत नाहीं. कौलांच्या व लाकडांच्या ढिगाखालीं विंचू राहतो. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचूदंशावर प्राझोसीन या औषधाचा गुण दाखवून दिला, त्यामुळें कोकणांत व इतरत्र अनेकांचे, विशेषतः लेंकरांचे, प्राण वांचले. परंतु औषध आहे म्हणून विंचवास घर करून देणें हें शहाणपण नव्हे. तेव्हां ‘आतां असूं द्या, पुढें पाहूं’ हा निर्णय नव्हे असें म्हणतां येत नाहीं. तोही निर्णयच आहे. फक्त तो आपल्याऐवजीं उंदीर घेतात.

दुसरी रीत दिखाव्याची. हातीं थोडा पैसा आला, आणि शेजाऱ्यानें सोफासेट आणला, म्हणून आपणही मधल्या खोलींत सोफासेट, कांचेचें कपाट व मोठा टी.व्ही. आणावा, असें पुष्कळांस वाटतें. घर नीटनेटकें असावें, त्यांत एखादी सुंदर वस्तु असावी, यांत आम्ही दोष मानीत नाहीं. गरिबानें सौंदर्याची हौस करूं नये हें म्हणणें श्रीमंतास शोभत नाहीं. परंतु एक कसोटी लावून पाहावी. ती वस्तु घरांतील माणसांची सेवा करते, कीं घरांतील माणसें तिची सेवा करितात? ज्या बैठकींत पाहुणे वर्षांतून दोनदां बसतात, जींत मुलांस ‘हात लावूं नका’ म्हणून हांकलून देतात, आणि जिच्या शेजारच्या उघड्या पडवींत म्हातारी आई थंडींत कुडकुडत निजते, ती बैठक घरांत असूनही घराची नाहीं. शिवाय ती हप्त्यानें घेतलेली असेल, तर ज्या जागेवर आपण बसलों असें वाटतें त्या जागेवर वास्तविक सावकार बसलेला असतो.

तिसरी रीत कमाईची. आणि येथें आमचा कोणी विपरीत अर्थ करूं नये. रिकाम्या गोठ्यांत शेळ्या बांधाव्या, ओटीवर दुकान मांडावें, कोपऱ्यांत शिवणाचें यंत्र बसवावें, पिठाची गिरणी घालावी, किंवा गांवांत बदलून आलेल्या शिक्षकास अथवा परिचारिकेस खोली भाड्यानें द्यावी, हे सर्व उद्योग प्रामाणिक आहेत. ‘आमच्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांस जागेचा धर्म परवडत नाहीं’ असें कोणी म्हणेल तर त्याचें म्हणणें आम्ही हंसण्यावारीं नेत नाहीं. घरांतील एका यंत्रावर शिवून जी विधवा आपलीं मुलें शिकविते, तिचा तो कोपरा कोणत्याही दिवाणखान्याहून अधिक मानाचा आहे. परंतु कमाईकरितां जागा देतांनाही दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली ही कीं त्या उद्योगांत श्रम कोणाचे आणि पैसा कोणाच्या हातीं. जागा घराची, शेळ्यांमागें हिंडणें सुनेचें, आणि विक्रीचा पैसा मात्र परस्पर दुसऱ्याच्या खिशांत, अशी वांटणी न्यायाची नव्हे. दुसरी गोष्ट भाड्यासंबंधीं. खोली भाड्यानें देतांना माणसाची वागणूक विचारावी, कामधंदा विचारावा. जात विचारूं नये. जो आपण स्वतः शहरांत खोली शोधीत फिरला, ज्याच्या नांवावरून दारें बंद झालीं, त्यानेंच गांवीं परत येऊन दुसऱ्याचें नांव ऐकून दार लावावें, याहून लज्जास्पद गोष्ट आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

आतां आम्ही एक उदाहरण मांडतों. तें कोणा एका घराचें नव्हे. परंतु तें वाचून आपल्या ओळखीच्या एखाद्या घराची आठवण झाली तर वाचकांनीं नवल मानूं नये. समजा, एक पांच खणांचें घर आहे. बैल विकले, धाकटा मुलगाही शहरांत गेला, आणि गोठा व एक खोली मोकळी झाली. सुटीस सर्व जमले तेव्हां विचार निघाला. वडील मुलगा म्हणाला, ‘माझें जुनें सामान पुण्याहून पाठवितों, तें खोलींत ठेवून कुलूप लावा, आम्ही सणास येतों तेव्हां उपयोगी पडेल.’ धाकटा म्हणाला, ‘रस्त्याच्या बाजूनें भिंत फोडून दुकानाचा गाळा काढूं.’ बाप म्हणाला, ‘खताचीं पोतीं भिजतात, तीं आधीं आंत घेऊं.’ तिघांचेंही म्हणणें समंजस होतें. त्याच घरांत त्यांची बहीण, नवरा वारल्यामुळें दोन मुलांस घेऊन वर्षापूर्वीं माहेरीं आलेली, सैंपाकघरांत चुलीजवळ अंथरूण घालीत होती. तिचीं मुलें दिव्याखालीं पुस्तक धरून उंबऱ्यावर अभ्यास करीत. त्या दिवशीं चहा तिनेंच केला. तिचें नांव मात्र त्या बोलण्यांत एकदांही निघालें नाहीं.

हे भाऊ दुष्ट होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं बहिणीस घराबाहेर काढलें नव्हतें; तिच्या मुलांस कपडेही आणीत असतील. मग चूक कोठें झाली? आमच्या मतें ती प्रश्नांतच झाली. ‘येथें काय ठेवावें?’ असें विचारल्यावर उत्तरांत वस्तूच येणार: सामान, गाळा, पोतीं. ‘ह्या घरांत कोणास जागा नाहीं?’ असें त्यांनीं विचारलें असतें, तर एकमेकांकडे पाहतांच उत्तर सांपडलें असतें. आमचें सर्व म्हणणें ह्या एका वाक्यांत आहे. रिकाम्या जागेविषयीं पहिला प्रश्न वस्तूचा नसावा, माणसाचा असावा.

कोणी म्हणेल, कायद्यानें मुलीस वांटा दिलाच आहे. होय, ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यांत, बापानें मृत्युपत्र केलें नसेल तर मुलगा व मुलगी यांचा हिस्सा सारखा आहे, आणि हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीस मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. हा मोठा न्याय झाला. परंतु कायदा मिळकतीची वांटणी करतो. आज रात्रीं कोणी कोठें निजावें हें तो सांगत नाहीं. बाप जिवंत असतां, वांटणीची वेळ आलेली नसतां, मुलीनें चुलीजवळ निजावें कीं खोलींत, हें घराच्या अंतःकरणावरच अवलंबून असतें.

आणखी एक रीत आहे, आणि तिच्याविषयीं बोलतांना आम्ही जपून बोलतों. ती स्मरणाची. मुलगा अपघातांत गेला, किंवा आई गेली, आणि त्यांची खोली जशीच्या तशी ठेविली. कपडे खुंटीवर, पुस्तकें फळीवर. बाहेरच्यास वाटतें, इतकी जागा वाया जात आहे. असें बोलण्याची घाई कोणी करूं नये. दुःखाला आपला वेळ लागतो, आणि ज्यानें तें सोसलें नाहीं त्यानें त्याची मुदत ठरवूं नये. पण वर्षें लोटल्यावर, प्रेमानें व हलक्या आवाजानें, एवढें विचारण्यास हरकत नाहीं: ज्यांची आठवण आपण कुलपांत ठेविली आहे, त्यांस स्वतःस काय आवडलें असतें? ज्या आईनें जन्मभर दारीं आलेल्यास उपाशी पाठविलें नाहीं, तिची खोली तिच्या नांवानें बंद राहावी, कीं तिच्या नांवानें उघडी राहावी?

उघडें राहिलेलें घर म्हणजे काय, हें आपल्या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांस मूल नव्हतें. पुष्कळांच्या घरीं ती जागा जन्मभराच्या कष्टी मौनानें भरली जाते, किंवा दुसऱ्या बायकोनें. जोतीरावांनीं तें केलें नाहीं. १८६३ सालीं त्यांनीं फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठीं व त्यांच्या मुलांच्या रक्षणासाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें, आणि १८७४ मध्यें तेथें आलेल्या काशीबाई नांवाच्या विधवेच्या बाळास आपलेंच म्हणून वाढविलें. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला. नगर येथें रेव्ह. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरीं कवि बालकवि ठोंबरे कांहीं काळ घरच्यासारखे राहिले; त्या घरांत पोरक्या मुलांसही आसरा मिळे. टिळकांच्या घरीं श्रीमंती कधींच नव्हती, हें वाचकांस सांगावयास नकोच.

हीं थोरांचीं उदाहरणें आहेत, सामान्य माणसास तीं कशीं साधावीं, अशी शंका येईल. म्हणून एका गांवाचें उदाहरण देतों. सातारा जिल्ह्यांत पांचगणीजवळ भिलार म्हणून स्ट्रॉबेरी पिकविणारें गांव आहे. ४ मे २०१७ रोजीं तें ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून उघडण्यांत आलें. सरकारनें पुस्तकें व कपाटें दिलीं, परंतु जागा दिली ती गांवकऱ्यांनीं. कोणी आपली पुढची खोली दिली, कोणी ओसरी. आरंभीं अशीं २५ ठिकाणें झालीं आणि त्यांत सुमारें १५,००० मराठी पुस्तकें ठेविलीं गेलीं. कोणीही जावें, चपला काढाव्या, आणि बसून वाचावें. तेथील गृहस्थ कांहीं विद्वान किंवा सावकार नव्हेत, शेतकरी आहेत. आपल्या घरांतील एक खोली आपण न वापरतां वाटेच्या वाटसरूनें वापरली तरी घर लहान होत नाहीं, एवढें त्यांनीं ओळखलें. प्रत्येक गांवाचें भिलार होणार नाहीं, आणि होण्याची गरजही नाहीं. पण ज्या गांवांत दहावीचीं मुलें देवळाच्या पायरीवर किंवा रस्त्याच्या दिव्याखालीं अभ्यास करितात, तेथें एखाद्या रिकाम्या खोलींत एक सतरंजी, एक दिवा व पाण्याचा एक माठ ठेवण्यास सरकारचीही वाट पाहावी लागत नाहीं.

येथें एक सूचना करितों. सर्व जागा भरून टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. थोडी जागा जाणूनबुजून मोकळी ठेवावी. ती टाकून दिलेली नसावी. झाडलेली, सारवलेली, उजेड येईल अशी असावी. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली आणि शहरांतून हजारों माणसें गांवाकडे आलीं. येणाऱ्यास कांहीं दिवस वेगळें ठेवावें लागे. ज्या घरीं एक मोकळी खोली होती तेथें आलेला मुलगा खिडकींतून आईशीं बोलत चौदा दिवस राहिला. जेथें खोली सामानानें कोंबलेली होती तेथें त्यास शाळेच्या पडवींत किंवा शेतांतल्या छपरांत राहावें लागलें. संकट पत्र पाठवून येत नाहीं. आजारी नातलग, बाळंतीण मुलगी, पुरानें उठविलेला शेजारी, हे सर्व अवचित येतात. शूनेमच्या त्या बाईची गोष्ट येथें आठवते. तिनें अलीशासाठीं घराच्या माथ्यावर एक लहान खोली करविली आणि तींत चारच वस्तु ठेविल्या: एक पलंग, एक मेज, एक खुर्ची व एक दिवा. तिनें आधीं खोली सजवून मग पाहुणा शोधला नाहीं. जाणाऱ्या येणाऱ्या एका थकलेल्या माणसाकडे पाहून त्यास काय लागेल याचा तिनें विचार केला, आणि तेवढेंच ठेविलें.

मग ठरवावें कसें? आमची वाचकांस साधी विनंति आहे. जागा रिकामी झाली म्हणजे आधीं ती झाडून, चुना लावून स्वच्छ करावी. घाणींत बसून चांगला विचार होत नाहीं. शक्य असेल तर एक झरोका किंवा खिडकी पाडावी. विषारी औषधें व खतें निजण्याच्या वा सैंपाकाच्या जागेपासून दूर, कुलपांत ठेवावीं. मग घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, आणि बोलण्याची सुरुवात घरच्या धन्यापासून न करितां ज्याचें कोणी विचारीत नाहीं त्याच्यापासून करावी. म्हाताऱ्या आजीस विचारावें, ‘आजी, तुम्हांला रात्रीं कोठें बरें वाटतें?’ शाळेंत जाणाऱ्या मुलीस विचारावें, ‘बाळ, तूं अभ्यास कोठें करितेस?’ सुनेस विचारावें कीं, ह्या घरांत तुझ्या पेटीखेरीज तुझी म्हणून कोणती जागा आहे. कित्येक घरांत वीस वर्षें नांदलेल्या बाईस दार लावून क्षणभर बसण्यास कोपरा नसतो, आणि आपण तें कधीं पाहिलेलेंही नसतें. घरांत सर्वांस आपली म्हणतां येईल अशी जागा असेल, तर मग दाराबाहेर पाहावें: शेजारीं कोणास नाहीं? तोही प्रश्न सुटला, तर खुशाल सोफा आणावा. त्यावर बसतांना मनास टोंचणी राहणार नाहीं.

असें बसून ठरविलेलें पुढें बदलूंही शकतें. आज मुलांचा अभ्यास, उद्यां आजारी माणसाची बाज, परवां शिवणाचें यंत्र. खोली एकच, पण गरज पाहून तिनें वेष पालटावा. जेथें एकदां वस्तु घुसली तेथून तिला काढणें कठीण जातें. माणसासाठीं ठेविलेली जागा मात्र एक माणूस गेल्यावर दुसऱ्याच्या उपयोगास तत्पर राहते.

वाचकहो, तुमच्या घरांत आज एखादी अशी जागा असेल. कदाचित् तिच्या दारास कडी असेल आणि किल्ली कोठें ठेविली तें आठवत नसेल. ह्या आठवड्यांत ती शोधावी, दार उघडावें, आणि आंत काय मावेल हें मोजण्याआधीं घरांत व आळींत कोण उभें आहे तें एकवार पाहावें.